ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड कसा निवडावा?
पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील कारागीर व व्यापारी बांधवांसाठी

व्यापारात भांडवल किती घातले यापेक्षा ते कशात घातले याला जास्त महत्त्व असते. कापडाच्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. गिऱ्हाईक रंग पाहून थान उचलते, पण थान टिकते ते सुतावर आणि विणीवर. संगणकाचेही असेच आहे. घेणारा प्रोसेसरचे नाव विचारतो, रॅम किती आणि हार्ड डिस्क किती ते विचारतो. पण हे सर्व ज्या पाटीवर बसते त्या मदरबोर्डबद्दल तो काही विचारत नाही. दुकानदारही मग जो बोर्ड शिल्लक असेल तो लावून देतो.

साध्या बिलाच्या संगणकाला एवढ्याने फरक पडत नाही. पण ज्यांना संगणकाकडून जास्त वेगाचे काम घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी मदरबोर्डची निवड हाच पाया आहे. आमच्या भागात असे बांधव आता बरेच आहेत. चिंचणी-तारापूरच्या किनारपट्टीवर दागिन्यांच्या डाय बनवण्याचा हुन्नर जुना आहे. पूर्वी नक्षी हाताने कोरली जाई, आता अनेक कारागीर ती संगणकावर काढतात व मशीनवर कोरून घेतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत आणि त्यांच्या आधाराने छपाईचे डिझाइन काढणारे, जॅकार्डचा नमुना तयार करणारे, भरतकामाचे पंचिंग करणारे लोक काम करतात. शिवाय लग्नसराईत व्हिडिओचे एडिटिंग करणारे तरुण आहेत. या सर्वांना कोणी ना कोणी सांगतो की, "नवे मशीन कशाला? ओव्हरक्लॉक करून घ्या, फुकटात वेग मिळेल."

फुकटात काही मिळत नाही हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. या वेगाची किंमत नेमकी कोठे द्यावी लागते आणि कोणत्या बोर्डावर ती परवडते, हे या लेखात पाहू. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे इंग्रजी माहितीपुस्तकाने येणारा कंटाळा आम्हांस ठाऊक आहे. म्हणून शक्य तितक्या सोप्या भाषेत लिहीत आहोत.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर ठरावीक ठेक्यावर काम करतो. मदरबोर्ड त्याला एक मूळ ठेका देतो. आजच्या बहुतेक संगणकांत तो १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. तो आकडा ५० असेल तर वेग झाला ५,००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा हा वेग वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

याचा गाजलेला दाखला १९९८ सालचा आहे. त्या वर्षी इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा ठेका ६६ मेगाहर्ट्झ व गुणक साडेचार होता, म्हणजे वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक बदलता येत नव्हता. पण ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठेका देऊ शकत होते. त्यावर हाच प्रोसेसर लावून ठेका १०० केला की वेग ४५० मेगाहर्ट्झ होई, म्हणजे सरळ दीडपट. अनेक प्रोसेसर हा भार आरामात सोसत. त्या काळी बऱ्याच बोर्डांवर असे बदल जंपरच्या बारीक टोप्या काढून-घालून करावे लागत. अबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डावर मात्र ते बायोसच्या पडद्यावरूनच करता येत, म्हणून तो बोर्ड लोकप्रिय झाला. हा धडा आजही खरा आहे. प्रोसेसरमध्ये ताकद असली तरी ती बाहेर काढू देणारा बोर्ड लागतो.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. आज कंपन्या प्रोसेसरला कारखान्यातूनच त्याच्या मर्यादेजवळ पळवतात. त्यामुळे दीडपट वेगाचे दिवस गेले. आता हाताने वाढवता येणारा वेग बहुधा दहा टक्क्यांच्याही आत असतो. गुणक ५० वरून ५२ केला तर वाढ झाली ४ टक्के. तासाभराचे काम सुमारे ५७ मिनिटे ४० सेकंदांत होईल. सव्वादोन मिनिटांसाठी किती खर्च करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उष्णतेचा हिशेब

वेग वाढवला की प्रोसेसरला बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवून द्यावे लागते. येथेच खरा खर्च आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग १० टक्के वाढवला व त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवले. तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. काम १० टक्के जास्त, पण वीज व उष्णता ३३ टक्के जास्त. ही सर्व वीज मदरबोर्डमधून जाते, म्हणून बोर्ड चांगला हवा.

पहिली पारख : चिपसेट

बोर्ड कितीही मजबूत असला तरी त्याचा चिपसेट परवानगी देत नसेल तर वेग वाढत नाही. म्हणून पहिला प्रश्न चिपसेटचा.

इंटेलमध्ये २०११ पासून साधा नियम आहे. साधारणपणे प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर असेल तर त्याचा गुणक मोकळा असतो, आणि तो वापरण्यासाठी बोर्डाचा चिपसेट 'झेड' मालिकेतला लागतो. १२व्या ते १४व्या पिढीसाठी झेड६९० व झेड७९०, आणि २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी झेड८९०. 'बी' मालिकेच्या बी६६०, बी७६० यांसारख्या बोर्डांवर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा गुणक नाही. 'एच६१०' वर दोन्ही नाही. तेव्हा 'के'चा महाग प्रोसेसर घेऊन स्वस्त 'बी' बोर्डावर लावणे, किंवा महाग 'झेड' बोर्ड घेऊन त्यावर साधा प्रोसेसर लावणे, दोन्हींत ओव्हरक्लॉकिंगपुरता पैसा वाया जातो.

एएमडीचा मार्ग जास्त मोकळा आहे. २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरांपैकी बहुतेकांचा गुणक मोकळा आहे. ७८००एक्स३डी सारखे काही मात्र बंद आहेत. चिपसेटमध्ये 'एक्स' व 'बी' मालिकेचे बोर्ड साधारणपणे परवानगी देतात. एएम४ सॉकेटवर बी४५०, बी५५०, एक्स५७०. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटवर बी६५०, एक्स६७०, बी८५०, एक्स८७०. 'ए' मालिकेचे ए३२०, ए५२०, ए६२० प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करू देत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवावा. बी८४० च्या नावात 'बी' असले तरी त्यावरही प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही. बी८४० आणि बी८५० यांत फरक एका आकड्याचा आहे, पण माल वेगळा आहे. बिलावर आकडा नीट वाचून घ्यावा.

दुसरी पारख : वीज देणारा भाग

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती लहान चौकोनी कॉइल रांगेत दिसतात. काही धातूच्या हीटसिंकखाली झाकलेल्या असतात. या भागाला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसमधून आलेली १२ व्होल्टची वीज उतरवून प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास आणणे हे याचे काम. ओव्हरक्लॉकिंगच्या बोर्डाचा खरा कस येथे लागतो.

हिशेब करून पाहू. प्रोसेसर २०० वॅट घेतो व त्याचे व्होल्टेज १.२५ आहे असे समजा. तर २०० भागिले १.२५, म्हणजे १६० अँपिअर करंट. घरच्या वायरिंगमध्ये १५-१६ अँपिअरचा प्लग मोठा समजला जातो, येथे त्याच्या दहापट करंट तळहाताएवढ्या जागेतून जातो. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर त्याला सुमारे २२२ वॅट द्यावे लागतील आणि २२ वॅटची उष्णता बोर्डावरच निर्माण होईल. सोल्डरिंगच्या २५ वॅटच्या लोखंडाची गरमी कारागिराला ठाऊक आहे. जवळपास तेवढी गरमी तेथे सतत चालू राहते.

हे करंट वेगवेगळ्या वाटांनी विभागले जाते. त्या वाटांना फेज म्हणतात. ८ फेज असतील तर प्रत्येकावर २० अँपिअर, १६ असतील तर १० अँपिअर. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो. म्हणून एकेका फेजचा करंट निम्मा झाला की त्यातला तोटा चौथा हिस्सा होतो. फेज दुप्पट असले तरी या प्रकारचा एकूण तोटा निम्मा राहतो. आठ हमालांचे ओझे सोळा हमालांनी वाटून घेतल्यासारखे हे आहे.

पण नुसती संख्या पाहून भुलू नये. खोक्यावरच्या आकड्यात प्रोसेसरच्या फेजबरोबर इतर भागांचे फेजही जोडलेले असतात. '१२ + १ + १' असे लिहिले असेल तर प्रोसेसरच्या मुख्य भागासाठी १२ समजावेत. दुसरे म्हणजे, प्रत्येक फेजमधील पॉवर स्टेजची क्षमता पाहावी. ती ५०, ६०, ८०, ९० अँपिअर अशी दिलेली असते. चांगल्या दर्जाचे १० फेज हलक्या दर्जाच्या १४ पेक्षा बरे ठरू शकतात. तिसरे, त्यावर खरा हीटसिंक आहे की नुसती शोभेची पत्री आहे ते पाहावे. जड, खाचा असलेला व स्क्रूने आवळलेला हीटसिंक चांगला. नुसते चकचकीत प्लास्टिकचे कवच उष्णता बाहेर काढत नाही, उलट अडवते.

वीज आणणारी ८ पिनची जोडणी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते. ओव्हरक्लॉकिंगसाठी ती पूर्ण ८ पिनची हवी. नुसत्या ४ पिनचा बोर्ड असेल तर तेथेच विचार सोडावा.

कपॅसिटरही पाहावेत. २००० च्या सुमारास व पुढील काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर फुगून जगभर असंख्य बोर्ड बिघडले होते. त्यानंतर चांगल्या बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर आले. जुना बोर्ड घेताना कपॅसिटरचा माथा सपाट आहे ना, कडेला तपकिरी डाग नाही ना, हे अवश्य पाहावे.

तिसरी पारख : थर, रॅम व बायोस

मदरबोर्डची पाटी एकसंध दिसते, पण ती तांब्याच्या थरांची बनलेली असते. साध्या बोर्डात ४ थर, चांगल्यात ६ किंवा ८. जास्त थर असले की वीज वाहायला तांबे जास्त मिळते, उष्णता पसरते, आणि रॅमच्या नाजूक संकेतांत गोंधळ कमी होतो. ज्यांना रॅमचा वेग वाढवायचा आहे त्यांनी ६ थरांखाली येऊ नये.

रॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चार पट्ट्या लावल्या की वेग उतरतो. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे, चारांना फक्त ३६००. म्हणून ३२ जीबी हवे असेल तर ८ च्या चारपेक्षा १६ च्या दोन घ्याव्यात. रॅमच्या पाकिटावर लिहिलेला मोठा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये इंटेलची एक्सएमपी किंवा एएमडीची एक्सपो ही सोय चालू करावी लागते. आमच्या पाहण्यात असे कितीतरी संगणक आहेत की पैसे ६००० च्या रॅमचे दिले आणि वर्षभर ती ४८०० वर चालली.

बायोसमध्ये व्होल्टेज बारकाईने बदलता येते का, भार आल्यावर खाली येणारे व्होल्टेज सावरणारी लोडलाइन कॅलिब्रेशनची सोय आहे का, पंख्यांचा वेग ठरवता येतो का, हे पाहावे. मागच्या बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर फार उपयोगी पडते. बायोस बिघडला तरी पेनड्राइव्हवरून पुन्हा भरता येतो. बोर्ड चालू न झाल्यास दोष कोठे आहे हे दाखवणारे छोटे दिवेही कामाचे. मुंबईला फेरी मारण्याचा एक दिवस वाचतो.

कंपनीच्या 'ऑटो'वर भरवसा किती?

पुष्कळांना वाटते की आपण काही छेडले नाही म्हणजे संगणक सुरक्षित आहे. तसे नेहमीच नसते. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर काही काळाने अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये जगभर झाल्या. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कारण पुढे आले. इंटेलने त्या वर्षी ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला व या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. २५३ वॅटची मर्यादा असलेल्या प्रोसेसरला कित्येक बोर्ड मुळातच ४,०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात अमर्याद, अशी सूट देऊन येत होते. २०२३ मध्ये एएमडीच्या काही एक्स३डी प्रोसेसरांबाबतही जास्त व्होल्टेजमुळे जळण्याच्या घटना झाल्या. त्यानंतर नव्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बोर्ड घेतल्याबरोबर प्रथम नवा बायोस भरावा. आणि जी कंपनी आपल्या बोर्डांना वर्षानुवर्षे बायोस देत राहते तिचाच बोर्ड घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसच्या तारखा दिलेल्या असतात, त्या पाहिल्या की अंदाज येतो.

आपल्या भागाची हवा

मदरबोर्डची परीक्षणे बहुधा थंड देशांत, २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या कारखान्यात ३५ अंशांवर हवा असते. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २० अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर ३५ अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. मग वाढवलेला वेग दुपारी दोन वाजता नाहीसा होतो आणि विजेचे बिल तेवढे राहते.

दुसरा शत्रू दमट खारी हवा. तारापूर, चिंचणी हा समुद्रकाठ आहे. मिठाचा सूक्ष्म थर बोर्डावर बसतो, तो हवेतील ओलावा ओढून घेतो, आणि ओल्या मिठातून वीज वाहते. औद्योगिक वसाहतीजवळ रसायनांच्या वाफेची त्यात भर पडते. गंधकयुक्त वायू तांबे व चांदी खातात. याची सोपी परीक्षा कारागिराच्या हाती आहे. ज्या जागेत चांदीची वस्तू नेहमीपेक्षा लवकर काळी पडते, त्या जागेत मदरबोर्डचे आयुष्यही कमी होते. अशा ठिकाणी महाग बोर्डापेक्षा आधी जागा बदलावी. संगणक बंद खोलीत, शक्यतो एसीत ठेवावा आणि पावसाळ्यात तो फार दिवस बंद ठेवू नये. एसीच्या गार खोलीतून यंत्र काढून लगेच दमट हवेत चालू करू नये, त्यावर दव धरते.

तिसरा शत्रू कापडाची रुई. मागाजवळ किंवा शिलाईच्या जागेत उडणारे तंतू हीटसिंकच्या खाचांत गोधडीसारखे बसतात. कॅबिनेटला जाळी असावी, ती आठवड्याला झटकावी, आणि महिन्यातून एकदा यंत्र बंद करून हवेच्या झोताने हीटसिंक साफ करावा. पंखा हाताने धरून ठेवावा, तो झोताने गरगरू देऊ नये.

चौथी बाब विजेची. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी आहे, पण शेजारी केंद्र असले म्हणून दुकानाच्या सॉकेटमधील व्होल्टेज स्थिर राहतेच असे नाही. शेजारच्या गाळ्यात मोठी मोटर सुरू झाली की दिवा मिणमिणतो हे आम्ही सर्वच पाहतो. ओव्हरक्लॉक केलेला संगणक अशा झटक्याला लवकर बळी पडतो. चांगला एसएमपीएस, यूपीएस व खरे अर्थिंग या तीन गोष्टी नसतील तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार करू नये. यूपीएसही संगणकाच्या वॅटप्रमाणे मोठा हवा.

खरेदी करताना

आमच्याकडील लोक खरेदीसाठी बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाल्यापासून पालघर-बोईसरहून हा प्रवास सोपा झाला आहे. ग्रँट रोडला उतरले की बाजार जवळच आहे. तेथे भाव चार ठिकाणी विचारावा, पण भावाबरोबर पुढील गोष्टीही विचाराव्यात.

बोर्डाचे पूर्ण नाव व आवृत्ती. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांत पॉवर स्टेज वेगळे असू शकतात. बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे व त्यावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे की दुकानदाराची तोंडी, हे स्पष्ट करावे. मोठ्या कंपन्यांची वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे. सॉकेटमधील एक पिन वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते, म्हणून पिना दुकानातच उजेडात पाहून घ्याव्यात. प्रोसेसरच्या बाबतीत, ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान वॉरंटीत धरले जात नाही हेही ध्यानात असावे.

१९९० च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवरील छाप पुसून जास्त वेगाचा छाप मारून विकण्याचा धंदा चाले. त्यावेळी घेणाऱ्याला न सांगता ओव्हरक्लॉक केलेले मशीन गळ्यात पडे. आज तो प्रकार अवघड झाला आहे, पण जुन्या मालात दुसरा धोका आहे. वर्षानुवर्षे जास्त व्होल्टेजवर ताणलेला बोर्ड बाहेरून नव्यासारखा दिसतो. आमच्या परिचयातील एका डिझायनरला एका दुकानातून "फक्त ऑफिसात वापरलेला" म्हणून असाच बोर्ड मिळाला. व्हीआरएमजवळची पाटी उष्णतेने पिवळसर झालेली होती, ती हीटसिंक काढल्यावर दिसली. जुना बोर्ड घेताना तेवढी जागा उजेडात पाहावी. आणि आपण स्वतः विकत असू, तर मालाचा ऐब सांगून विकावा. कापडातला फाटका तुकडा घडीत लपवून विकणे आणि ताणलेला बोर्ड नवा म्हणून विकणे यांत फरक नाही.

चाचणी केल्याशिवाय कामाला लावू नये

ओव्हरक्लॉक केलेला संगणक बंद पडला तर ते एका परीने बरे, दोष समजतो. खरे नुकसान तो बंद न पडता चूक करतो तेव्हा होते. रॅम जास्त ताणली असेल तर फाइलमधला एखादा आकडा बदलून लिहिला जाऊ शकतो. हिशेबात रक्कम चुकते, किंवा डायच्या नक्षीत रेघ सरकते. मशीन ती रेघ पोलादात इमानाने कोरते. पोलाद गेले, दिवस गेला, आणि गिऱ्हाइकाचा भरवसा गेला.

म्हणून क्रमाने जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व वहीत लिहून ठेवावी. रॅमची मेमटेस्ट८६ ने रात्रभर चाचणी करावी, एकही चूक चालणार नाही. प्रोसेसरवर प्राइम९५ किंवा ओसीसीटीने काही तास पूर्ण भार द्यावा व तापमान पाहत राहावे. चाचणी जानेवारीच्या रात्री न करता मेच्या दुपारी करावी. कामाच्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत असल्याशिवाय यातले काही करू नये.

कोणी करावे, कोणी करू नये?

बिल, हिशेब, जीएसटीचे काम करणाऱ्या दुकानदाराने ओव्हरक्लॉकिंग मुळीच करू नये. त्याला एक चांगली एसएसडी व पुरेशी रॅम यांतून कितीतरी जास्त वेग मिळेल.

डायचे किंवा जॅकार्डचे डिझाइन करणाऱ्याने आधी आपले काम कोठे अडते ते पाहावे. नक्षी काढण्याचे काम बहुधा प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर चालते, तेथे थोडा फायदा होतो. तयार चित्र रेंडर करण्याचे किंवा व्हिडिओचे काम सर्व कोअर वापरते. तेथे त्याच पैशात जास्त कोअरचा प्रोसेसर घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे.

आमच्या हवेला मानवणारा एक उलटा मार्गही आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवणे. रायझन ५००० पासूनच्या मालिकांत कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची यासाठीची सोय आहे. व्होल्टेज १० टक्के उतरले तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते. थंड राहिलेला प्रोसेसर आपला मूळचा जास्तीत जास्त वेग दिवसभर टिकवतो. यालाही चांगल्या बायोसचा बोर्ड लागतो व वरील चाचणी लागतेच. उन्हाळ्यात कारखान्यात चालणाऱ्या यंत्राला आम्ही हाच मार्ग आधी सुचवू.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) आधी प्रोसेसर व चिपसेटची जोडी जमते का ते पाहावे : इंटेलला 'के' व 'झेड', एएमडीला परवानगी असलेला 'बी' किंवा 'एक्स'.
२) फेजच्या संख्येबरोबर पॉवर स्टेजचे अँपिअर व खरा हीटसिंक पाहावा.
३) पूर्ण ८ पिनची जोडणी, ६ थरांची पाटी, दोन पट्ट्यांत रॅम.
४) बायोस फ्लॅशबॅक व नियमित नवे बायोस देणारी कंपनी.
५) एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग व स्वच्छ जागा यांचा खर्च बोर्डाच्या खर्चातच धरावा.
६) सीरियल नंबरसह पक्के बिल.
७) चाचणी पूर्ण होईपर्यंत गिऱ्हाइकाचे काम त्या यंत्रावर घेऊ नये.

दुकानात जाताना हे सात मुद्दे कागदावर उतरवून न्यावेत व एकेकाचे उत्तर मिळाल्यावरच पैसे मोजावेत. जो दुकानदार उत्तरे देईल त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. ज्याला उत्तरे देण्याचा कंटाळा आहे, तो वॉरंटीच्या वेळी ओळख देईल याची खात्री नाही.